फ्रिजमधल्या बाटलीत पाणी नव्हतं

"बेड नंबर सात. फीमेल, एक्केचाळीस वर्षं. सुइसायडल इन्जेशन ऑफ कॉरोझिव्ह. डे इलेव्हन."

एक तरुण डॉक्टरीणबाई फाइल बघून वाचत होत्या आणि मोठे डॉक्टर माझ्या पायथ्याशी उभं राहून ऐकत होते. माझ्या गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवलेली होती. दोन्ही हात पांढऱ्या पट्टीनं पलंगाच्या कडेला बांधलेले होते. मी जागी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मी बारावीपर्यंत शिकलेली आहे. इन्जेशन म्हणजे पोटात घेणं आणि कॉरोझिव्ह म्हणजे आतून जाळत जाणारं, हे त्या अकरा दिवसांत कानावर पडून पडून कळलं होतं. सुइसायडल हा शब्द मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

डॉक्टर पुढं बरंच बोलले. अन्ननलिका किती भाजली आहे, लिव्हर का बिघडत चाललंय. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी जीव द्यायला विष घेतलं असं कागदावर लिहिलेलं होतं. अकरा दिवस सगळं हॉस्पिटल ते वाचत होतं आणि माझ्याकडं आवाज नव्हता.

मी काहीही घेतलेलं नव्हतं. मला तहान लागली होती, एवढंच.

हे मी लिहिते आहे ते ज्यांच्या घरामागं, घराशेजारी असलं काम चालतं त्यांच्यासाठी. आणि ज्यांचं माणूस असलं काही पोटात जाऊन दवाखान्यात पडलंय त्यांच्यासाठी. वाचायला गोड लागणार नाही.

परभणीजवळ पिंगळीला आमच्या घराच्या मागं फायबरची शेड आहे. रस्त्याकडेच्या देवळांचे घुमट, बाथरूमचे दरवाजे, रसवंतीची काउंटरं असं काम आम्ही करतो. फायबरचं काम थोडक्यात सांगते. रेझिन नावाचं काकवीसारखं घट्ट द्रव असतं. साच्यावर काचतंतूंची चटई अंथरायची आणि ब्रशनं त्यावर रेझिन बसवायचं. हे रेझिन आपलं आपण वाळत नाही. त्यात हार्डनर टाकावा लागतो, तोही अगदी थोडा. मग तासाभरात दगडासारखं कडक होतं. ह्या हार्डनरचं खरं नाव मेथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड. कॅनवर पिवळ्या-लाल चौकोनात ऑरगॅनिक पेरॉक्साइड असं लिहिलेलं असतं आणि वर जाळाचं चित्र असतं. आमच्याकडं ते चित्र कुणी वाचत नव्हतं. सगळे हार्डनर म्हणायचे.

हार्डनर दिसायला पाण्यासारखा असतो. अगदी पाण्यासारखा.

मे महिना होता. शेडवर पत्रे आहेत. दुपारी आत उभं राहवत नाही. हार्डनरचा कॅन उन्हानं फुगला. माझे मिस्टर महादेव, त्यांना मी नुसतं 'हे' म्हणते, ह्यांनी माल देणाऱ्याला फोन केला. तो म्हणला, थंड जागी ठेवा, गरम झाला तर धोका आहे. एवढं त्यानं बरोबर सांगितलं. ह्यांनी त्यातलं थंड तेवढं ऐकलं. उरलेला लिटरभर हार्डनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतला आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, खालच्या भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीमागं ठेवून दिला.

हे म्हणतात, तुला सांगितलं होतं. मला आठवत नाही. तेव्हा मिक्सर चालू होता का, मी मागच्या दारात होते का, हे मी खूप आठवून पाहिलं. खोटं बोलत नाही, मला खरंच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रिज पुसायला काढला. भाजीच्या कप्प्यात पाण्याची बाटली बघून ती उचलली आणि दारातल्या कप्प्यात, बाकीच्या बाटल्यांच्या रांगेत लावली. हेही इथं लिहिलं पाहिजे. ती बाटली तिथं माझ्याच हातानं गेली.

त्या दुपारी मी परभणीहून आले. लेकीच्या, श्रेयाच्या, अ‍ॅडमिशनचे कागद काढायला गेले होते. डोक्यावरचा पदरसुद्धा तापलेला. चप्पल न काढता फ्रिज उघडला. तोंड न लावता वरून पाणी प्यायची आमची पद्धत. त्यामुळं घोट मोठा जातो आणि वास नाकापर्यंत येत नाही. थंड झाल्यावर त्याला तसाही वास कमीच येतो.

पहिला घोट घशाखाली गेला तो थंडगार गेला. दुसरा तोंडात असताना जीभ पेटली. तो मी थुंकला, पण पहिला आत गेला होता. छातीच्या मधोमध कुणीतरी तापलेली सळई वरून खाली उतरवावी तसं झालं. पोट फुग्यासारखं टम्म झालं. तोंडातून फेस यायला लागला. हात लागून ओट्यावरची कळशी पडली, त्या आवाजानं हे शेडमधून धावत आले.

ह्यांनी बाटली बघितली. त्यांना तिथल्या तिथं कळलं. त्यांचा चेहरा मी बघितला आहे.

"ओकून टाक शैला, ओकून टाक," म्हणत ह्यांनी मिठाचं पाणी करून माझ्या तोंडाला लावलं. मी ओकले. जे जाताना जाळत गेलं ते येताना पुन्हा जाळत आलं. डॉक्टरांनी पुढं सांगितलं की घसा माझा उलटीनं जास्त गेला. जाळणारं काही पोटात गेलं तर उलटी काढायची नसते. चूळ भरायची आणि तसंच दवाखाना गाठायचा. हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी, आयसीयूत कळलं.

आमच्या टेम्पोतून ह्यांनी मला परभणीला नेलं. वाटेत एकदाच बोलले. "शैला, कुणी विचारलं तर..." एवढं म्हणून थांबले. मला बोलता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंय?"

"बाथरूमचं अ‍ॅसिड असंल, साहेब," हे म्हणले. "घरात जरा बोलाचाली झाली होती काल."

मी ऐकलं. मी जोरात मान हलवली. तोंडातून फेस आणि रक्त येत होतं, म्हणून तिथल्या एका वॉर्डबॉय मामांनी माझं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि म्हणले, "हलू नका बाई." त्यानंतर घसा सुजत आला, श्वास अडकायला लागला आणि तोंडातून नळी घातली. झोपेचं औषध दिलं. तिथून पुढचे काही दिवस तुकड्यातुकड्यांत आठवतात.

दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी केली, म्हणजे कॅमेरा असलेली नळी आत घालून बघितलं. पाचव्या दिवशी ट्रॅकिओस्टॉमी केली. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालतात, त्याला हे नाव. ही नळी असली की हवा आवाजाच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. माणूस ओरडला तरी आवाज निघत नाही. पुढं पोटाला छेद देऊन लहान आतड्यात नळी बसवली. तिला जेजुनोस्टॉमी म्हणतात. जेवण त्या नळीनं, श्वास ह्या नळीनं, लघवी तिसऱ्या नळीनं.

तिसऱ्या दिवशीच माझे डोळे पिवळे झाले होते. डॉक्टर ह्यांना पुन्हा विचारत होते, "नक्की अ‍ॅसिडच होतं ना? बाथरूमच्या अ‍ॅसिडनं लिव्हर असं जात नाही." हे म्हणाले, "दुसरं काय असणार साहेब." हे संभाषण मी अर्धवट झोपेत ऐकलं. पहिल्यांदा वाटलं, स्वप्न आहे.

सातव्या दिवशी माझी आई पाथरीहून आली. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, तिला आणलं. दादा आत आला नाही. काचेच्या दाराबाहेर पाठ करून उभा राहिला. आई बहात्तर वर्षांची. छातीच्या गोळ्या चालू असलेली. ती माझ्याजवळ आली आणि आधी माझ्या गळ्याकडं बघितलं. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग दवाखान्यात पहिल्याच दिवशी काढून प्लास्टिकच्या पिशवीत ह्यांच्या हातात दिलेलं. तिथं आता नळी होती.

"काय कमी पडलं गं बाई तुला?" आई म्हणाली. "मला एक फोन तरी करायचास. मी आले असते. घेऊन गेले असते पाथरीला. कुणाच्या बापाची भीती होती तुला?"

हात बांधलेले. नळी ओढून काढू नये म्हणून बांधतात. मी मान हलवली. नळी जेवढी हलू देईल तेवढी, डावीकडं, उजवीकडं.

"बरं बरं. न्हाई विचारत," आई म्हणाली. तिनं पिशवीतून भस्माची डबी काढली, माझ्या कपाळाला बोटं लावली. मग सिस्टर म्हणाल्या, वेळ संपली. आई दारापर्यंत गेली, तिथून वळून एकदा बघितलं आणि गेली.

नवव्या दिवशी माझे हात मोकळे केले. भेटीच्या वेळेला हे आले होते. मी बोटांनी लिहिण्याची खूण केली. ह्यांनी खिशातून पेन काढला, औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू दिली. हात इतका थरथरत होता की तीन शब्दांना किती वेळ लागला कुणास ठाऊक. मी लिहिलं, पाणी समजून प्याले.

ह्यांनी वाचलं. इकडंतिकडं बघितलं. चिठ्ठीची चौकोनी घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

"आराम कर," म्हणले.

मी त्यांच्या खिशाला हात घातला. त्या झटापटीत गळ्यातली नळी ओढली गेली, मशीन वाजायला लागली, सिस्टर धावत आल्या. फाइलमध्ये लिहिलं गेलं, पेशंट अ‍ॅजिटेटेड. म्हणजे बेचैन, आवरत नाही असा. माझे हात पुन्हा बांधले.

वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस राक्षस आहे. तो राक्षस नाही. तो आयसीयूच्या बाहेर बाकावर उपाशी बसून होता, हे मला पुढं दहा जणांनी सांगितलं. राहत्या घरात, शेडमध्ये असला माल ठेवायची आमच्याकडं परवानगी नव्हती. पोलीस येतील, शेड जाईल, आपण आत जाऊ, ह्या भीतीनं त्यानं पहिलं खोटं सांगितलं. मग ते बदलायचं धाडस झालं नाही. पण माझं लिव्हर सडत होतं आणि त्याच्या खिशात खरं काय ते होतं, हेही तितकंच खरं.

मग अकरावा दिवस उजाडला, आणि मी तो शब्द ऐकला.

राउंड पुढं गेला. मी रडायला लागले. गळ्याला भोक असलं की रडण्याचा आवाज येत नाही. नळीतून नुसती हवा फसफसते. ड्यूटीवर शबाना सिस्टर होत्या. त्या नळी साफ करायला आल्या आणि थांबल्या.

"ताई, दुखायलंय का?"

मी नुसती बघत राहिले. त्या वाकून अगदी जवळ आल्या.

"मी विचारते. हो असंल तर डोळे एकदा मिटा. न्हाई असंल तर दोनदा. दुखायलंय?"

दोनदा.

"डॉक्टर बोलले त्याचं वाईट वाटलं?"

एकदा.

त्यांनी पलंगाभोवतीचा पडदा ओढला. मग हळू आवाजात विचारलं, "ताई, तुमी स्वतः घेतलं का?"

दोनदा. मग पुन्हा दोनदा. पुन्हा.

"कुणी पाजलं?"

दोनदा.

"चुकून?"

मी डोळे मिटले ते लवकर उघडलेच नाहीत. शबाना सिस्टरांनी पट्टी सोडली, माझ्या हातात पेन दिला आणि पॅड स्वतः धरून उभ्या राहिल्या. मी लिहिलं, फायबरचा हार्डनर. फ्रिज. पाण्याची बाटली.

त्या पॅड घेऊन धावत गेल्या. पाच मिनिटांत मोठे डॉक्टर परत आले. ह्यांना आत बोलावलं. कॅन आणायला माणूस पाठवला.

"पहिल्या दिवसापासून मी तुम्हाला किती वेळा विचारलं?" डॉक्टर ह्यांना म्हणाले.

"घाबरलो साहेब."

"तुम्ही घाबरलात, आणि आम्ही अकरा दिवस दुसऱ्याच विषाचा इलाज करत होतो."

मग डॉक्टरांनी मला समजावलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी बोललं, माझ्याबद्दल नाही. ते म्हणाले, अ‍ॅसिड जिथं लागतं तिथं जाळतं. हे ऑरगॅनिक पेरॉक्साइड वेगळं असतं. ते स्वतःतच ऑक्सिजन बाळगून असतं. तो पोटात सुटतो, म्हणून तुमचं पोट फुगलं. रक्तातून लिव्हरपर्यंत गेलं की तिथल्या पेशींची आवरणं फोडत सुटतं. त्यावर एन-असिटाइल सिस्टिन नावाचं औषध देऊन बघतात. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं. आता देऊ, पण किती उपयोग होईल सांगता येत नाही.

त्या दुपारी मी शबाना सिस्टरांना आईचा नंबर लिहून दिला. तिला सांगा, मी असं केलेलं नाही. त्या फोन घेऊन बाहेर गेल्या आणि परत आल्या.

"लागत न्हाई, ताई. रेंज नसंल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. लागत न्हाई. तिसऱ्या दिवशीही तेच.

तेराव्या दिवशी श्रेया आली. सोळा वर्षांची माझी लेक. मी बाटली तोंडावर धरली त्याच्या आदल्या संध्याकाळी आमची वादावादी झाली होती. तिला लातूरला क्लासला जायचं होतं, मी नको म्हणत होते. ती म्हणाली होती, तू मला जगूच देत नाहीस. ह्यांनी डॉक्टरांना बोलाचाली सांगितली ती हीच.

श्रेया पडद्याजवळच थांबली. पुढं येईना. "मम्मी, मी बोलले ते मनापासून नव्हतं," म्हणाली.

तेरा दिवस माझी पोरगी हे डोक्यात घेऊन जेवत, झोपत होती. मी तिला सगळं लिहून दाखवलं. तिनं दोनदा वाचलं.

"मग पप्पांनी सांगितलं का न्हाई?"

मी पेन खाली ठेवला.

पंधराव्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला येणार होते. त्याआधी भेटीच्या वेळेला हे आले. "चुकून झालं असं लिही," म्हणले. "पण बाटली कुणी भरली ते नको लिहू. शेड गेली तर खायचं काय? श्रेयाचं काय करायचं?"

मी श्रेयाचाच विचार केला. महिला पोलीस आल्या, डॉक्टरांनी मी शुद्धीत असल्याचं लिहून दिलं आणि मी माझ्या हातानं जबाब लिहिला. बाटली ह्यांनी भरली. भाजीच्या कप्प्यातून दारात मी ठेवली. पाणी समजून मी प्याले. ह्यांनी अ‍ॅसिड सांगितलं. नवव्या दिवशीची चिठ्ठी खिशात घातली. खाली सही केली.

विसाव्या दिवशी गळ्यातली नळी काढली. भोकावर पट्टी होती. त्यावर बोट दाबलं की घोगरा, फाटका आवाज निघायचा. मी पहिलं वाक्य बोलले ते शबाना सिस्टरांशी. "आता फोन लावा. मी बोलते."

त्या खुर्ची ओढून बसल्या. माझा हात धरला.

"ताई, मला माफ करा. मी खोटं बोलले. पहिलाच फोन तुमच्या भावानं उचलला होता. आई आदल्या दिवशी गेल्या. पूजेला बसल्या आणि तिथंच आडव्या झाल्या. डॉक्टर म्हणले, नळी निघेपर्यंत सांगू नका."

म्हणजे दहाव्या दिवशी. मला भेटून गेली आणि तीन दिवसांत गेली. तिला माती दिली तेव्हा मी हात बांधून पडले होते. आमच्यात पुरतात. मूठभर माती टाकायला लेक नव्हती, आणि लेक का नव्हती हे तिथं जमलेल्या प्रत्येकानं आपापल्या मनानं ठरवलं होतं.

हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा माझं वजन पस्तीस किलो होतं. लिव्हर हळूहळू सावरलं. अन्ननलिका सावरली नाही. भाजलेली जागा भरून येते ती आकसून येते. त्याला स्ट्रिक्चर म्हणतात. माझी अन्ननलिका पेनातल्या कांडीएवढी उरली. तिचं दर दोन-तीन आठवड्यांनी डायलेटेशन करतात, म्हणजे आतून ताणून रुंद करतात. रुंद केली की ती पुन्हा आकसते. पहिले पाच महिने मी पोटातल्या नळीनं जेवले. स्वयंपाक मात्र रोज करत होते. फोडणीचा वास यायचा, तोंडाला पाणी सुटायचं आणि ते पाणीही गिळता यायचं नाही. वाटीत थुंकायचे.

आता पातळ वरण, गाळलेली पेज, ताक जातं. भाकरी जात नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मभर तपासण्या कराव्या लागतील. अशा जागी पुढं कॅन्सर होऊ शकतो.

ह्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला, तारखा चालू आहेत. शेड काही महिने बंद होती. आम्ही एकाच घरात राहतो. माझी पेज हेच गाळून देतात, न चुकता. माफी मात्र मागितली नाही. एकदाच म्हणले, "तू माझं नाव लिहिलंस." मी म्हटलं, "हो."

गावात अर्धे लोक म्हणतात, बाईनंच घेतलं आणि नवऱ्याला अडकवलं. अर्धे म्हणतात, नवऱ्यानं पाजलं. चूक झाली असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. चुकीवर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण चूक आपल्याही घरात होऊ शकते.

म्हणून सांगते. हार्डनर ज्या कॅनमध्ये येतो त्याच कॅनमध्ये ठेवा. त्याच्या टोपणाला हवा जायची सोय असते, ती ह्याचसाठी; आमच्या कॅनची ती बुजलेली होती. पाण्याच्या, सरबताच्या, औषधाच्या बाटलीत एक थेंबही ओतू नका. थंड जागा म्हणजे घरातला फ्रिज नव्हे. शेडपासून लांब, सावलीत, कुलपात. कोबाल्ट नावाचं जांभळं द्रव रेझिनमध्ये पडतं, ते आणि हार्डनर कधी थेट एकत्र करू नका. भडका उडतो. सांडलं तर भुसा किंवा चिंध्या टाकू नका, त्या आपोआप पेटतात. डोळ्यात उडालं तर आधी पाणी, भरपूर पाणी, धार धरून, आणि मग दवाखाना. पोटात गेलं तर उलटी काढू नका, आणि कॅन सोबत न्या. डॉक्टरांना नाव खरं सांगा. तुमच्या भीतीचं काय ते नंतर बघा.

वर्ष होत आलं तेव्हा दादा आला. वर्षभरात पहिल्यांदा. ओसरीवर बसला, पाणी घेतलं. मी फाटक्या आवाजात सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "आई म्हणायली होती, माझी पोरगी असं करणार न्हाई. परतीच्या एसटीत बसल्यापासून तेच. घरी आल्यावर तेच. मला परत परभणीला ने म्हणली, मला तिला नीट विचारायचंय."

"मग?"

"मी म्हणलो, गप बस आई. लय झाली शोभा."

दादा उठला. जाताना चहा घेतला नाही. आई माझ्याबद्दल चुकीचं समजून गेली नाही, हे मला त्या दिवशी मिळालं. आणि बरोबर समजून एकटी पडली होती, हेही त्याच दिवशी मिळालं.

गेल्या महिन्यात डायलेटेशनला गेले होते. वेटिंगमध्ये बाकावर माझ्याशेजारी एक पोरगी बसलेली होती. विशी-बाविशीची असेल, गंगाखेडकडची. हातात वाटी, त्यात थुंकत होती. वाटी बघून मला कळलं. तिची सासू दोन खुर्च्या सोडून बसली होती, तोंड फिरवून.

"पहिल्यांदाच का?" मी विचारलं.

तिनं मानेनं हो म्हटलं.

"काय होतं?"

"फिनेल."

"चुकून?"

हा शब्द माझ्या तोंडून सवयीनं गेला. वर्षभर मी तोच शब्द घेऊन फिरते. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"न्हाई. मीच घेतलं."

खरं सांगते, मी जरा सरकले. बोटभरच, पण सरकले. मी तशातली नाही, हे वर्षभर जगाला सांगता सांगता तशातल्या बाया म्हणजे कुणीतरी वेगळ्या, असं माझ्याही मनात पक्कं झालं होतं. मला ज्या नजरेनं लोकांनी बघितलं तीच नजर आता माझ्या डोळ्यांत होती, आणि तिला ती ओळखीची होती. ती लगेच खाली बघायला लागली.

मी जागेवर परत आले. तिला सांगितलं, आत गेल्यावर गळ्यात फवारा मारतात, तो कडू लागतो, गिळू नकोस. नळी जाताना नाकानं श्वास घे. संध्याकाळपर्यंत छाती दुखेल, त्याला घाबरायचं नाही. दोन दिवसांनी पेज घेऊन बघ, कोमट, चमच्या-चमच्यानं. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "काकू, तुमचं बरं झालं का?"

"थोडं थोडं जायलंय आता," मी म्हटलं.

आतून सिस्टरांनी तिचं नाव पुकारलं. "सोबत कोण आहे पेशंटच्या? एक जण या."

सासू फोनमध्ये बघत बसली. सिस्टरांनी दुसऱ्यांदा पुकारलं तरी तिनं वर बघितलं नाही. पोरगी वाटी हातात धरून एकटीच उभी राहिली.

मी उठले.